करंगळीचा ठराव

मंदाकिनीबाई टिपणीस शाळेत पाणी पीत नसत. उपास नव्हता, व्रत नव्हतं, पित्ताचा त्रासही नव्हता. सकाळी साडेदहाला घरून निघताना एक घोट घ्यायचा, तोही औषधासारखा. मग संध्याकाळी सव्वापाचला पारनाक्यावरच्या बिऱ्हाडात शिरल्या शिरल्या, चपलासुद्धा न काढता, थेट माठाकडे धाव. लग्न नवं होतं तेव्हा गुरुदत्तांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, काळजीने विचारलं होतं, "अगं, शाळेत पाणी नाही का?"

"पाणी आहे हो," बाई म्हणाल्या. "पुढची व्यवस्था नाही."

गुरुदत्त रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. पुढची व्यवस्था म्हणजे काय, हे कळायला त्यांना अर्धं मिनिट लागलं. कळल्यावर ते हसले, आणि बायकोने असं काही बघितलं की पुन्हा बारा वर्षं त्या विषयावर हसले नाहीत.

आता ही शाळा कसली, तर मुळातली तालीम. कल्याणात एके काळी तिथे पैलवान घुमत. पैलवान गेले, हौद्यातली लाल माती उपसून वर फरशी घातली, दारावर 'मुलींची शाळा' अशी पाटी ठोकली आणि जिल्ह्याच्या स्कूल बोर्डाने हात झटकले. पैलवानांचं काय, अंघोळ विहिरीवर आणि बाकीचं तळ्यापलीकडच्या बाभळीत. शाळा झाल्यावरही विहीर होती, बाभळी होत्या. पण मुलींनी भर दुपारी बाभळीत कसं जावं, हा विचार कुणाच्या डोक्यात यायला ते डोकं बाईमाणसाचं लागतं. बोर्डात तसं डोकं एकही नव्हतं. गावात अजून सगळे तिला तालमीची शाळाच म्हणत आणि ते नाव काही उगीच नव्हतं.

पहिली-दुसरीच्या पोरींचं निभावून जाई. करंगळी वर करायची, बाईंनी "जा, पण लगेच ये" म्हणायचं, की पोर पळाली विहिरीमागे. मंदाकिनीबाई हे वाक्य दिवसातून तीस वेळा म्हणत. पण चौथीच्या पुढे करंगळ्या कमी कमी होत जात आणि सहावी-सातवीच्या वर्गात एकही वर येत नसे. मोठ्या पोरी बाईंसारख्याच शहाण्या झालेल्या, पाणीच पीत नसत. आणि मग एके दिवशी शाळेतच येईनाशा होत. पहिलीच्या पटावर सेहेचाळीस नावं, सातवीच्या पटावर चार. बाई दर जूनमध्ये हा पट उघडून बसत आणि त्यांना भडभडून येई.

बाई मूळच्या पेणच्या. सातवीच्या फायनल परीक्षेला केंद्रात पहिल्या आल्या, पुण्याला ट्रेनिंग करून आल्या, एक्केचाळीस साली लग्न होऊन कल्याणात आल्या आणि त्याच जूनमध्ये तालमीच्या शाळेत रुजू झाल्या. अंगाने किरकोळ, आवाज मात्र असा की सातवीत भूगोल चालला की पहिलीतल्या पोरींनाही सह्याद्रीच्या रांगा पाठ होत. दर वर्षी त्यांनी बोर्डाला एक अर्ज केला. दहा वर्षं, दहा अर्ज. उत्तर दर वेळी तेच, 'योग्य वेळी विचार केला जाईल.' एकटी बाई, तिचा एकटा अर्ज. तो कुठल्या फडताळात जाऊन पडे, देव जाणे.

बावन्न साली जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षकांच्या संघाने बाईंनाही सभासद करून घेतलं. संघाचे चिटणीस होते सोहोनी मास्तर, मुलांच्या शाळेतले. अक्षर छापल्यासारखं, बोलणं मऊ, आणि लाजले की कान लाल होणार. संघाचा दरारा तेव्हा नुकता जाणवू लागला होता. बोर्ड एकट्या मास्तराला दूर जंगलातल्या मोखाड्याला बदलीची भीती घालू शकत होतं, सगळ्या मास्तरांना एकदम थोडंच घालणार? एवढ्यांना पुरेल इतकं मोखाडं होतंच कुठे! बाईंना हे फार आवडलं. त्या सोहोनी मास्तरांना म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या मागण्यांत आमची ती एक अडचण घाला."

"कुठली अडचण, बाई?"

"अहो, ती... मुलींची."

मास्तरांचे कान लाल झाले, म्हणजे त्यांना समजलं. त्यांनी मान डोलावली आणि निवेदनात आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'मुलींच्या शाळेत स्वच्छतेची सोय व्हावी.'

संघाचं निवेदन ते! महिनाभरात हातगाडी शाळेच्या दारात हजर. बारा खराटे, दोन बादल्या आणि फिनेलचा डबा. दहा वर्षांत बोर्डाने धाडलेली ही पहिली वस्तू. बाईंना हसावं की त्या खराट्यांतला एक उचलावा हेच कळेना.

पुढच्या वर्षी त्या मास्तरांना म्हणाल्या, "जरा स्पष्ट लिहा हो." मास्तरांनी आठवडाभर विचार केला, शब्दकोश काढला आणि त्यांच्या मते अगदी उघडं लिहिलं, 'मुलींना व शिक्षिकांना देहधर्मासाठी स्वतंत्र जागा द्यावी.' बोर्डातला कारकून कुणी तरुण आणि कर्तव्यदक्ष होता. त्याला त्यातला एकच शब्द दिसला. उत्तर आलं, 'आपले राज्य निधर्मी असल्याने बोर्डाच्या शाळेत कोणत्याही धर्मासाठी स्वतंत्र जागा देता येत नाही. सबब मागणी अमान्य.'

हे पत्र घेऊन सोहोनी मास्तर स्वतः तालमीच्या शाळेत आले. बाईंनी ते दोनदा वाचलं. मास्तर खाली मान घालून उभे, कान पेटलेले. बाई काही बोलणार इतक्यात दारातून हाक आली, "बाई, हायेत का?"

हौसाबाई आली होती. बाजारात भाजी विकणारी, जुन्नरकडची, एकटीच्या जिवावर संसार ओढणारी. तिची शेवंती सहावीत होती. आणि शेवंती म्हणजे काय पोर! तोंडी हिशेबात दुकानदारालाही ऐकत नसे, आणि नकाशा फळ्यावर काढायला सांगितला तर कोकणपट्टीची एकेक खाडी जागच्या जागी. ही पोर फायनलला बसणार, नंबर काढणार आणि एक दिवस स्वतः बाई होणार, असं मंदाकिनीबाईंनी मनात पक्कं करून टाकलं होतं.

"बाई, शेवंतीचं नाव काडा," हौसाबाई म्हणाली.

"का हो? काय झालं?"

"पोर शाणी झाली."

वयात आलेल्या मुलीला आपल्याकडे शहाणी झाली म्हणतात आणि ती शहाणी झाली की पहिली तिची शाळा काढून घेतात. हौसाबाई पुढे म्हणाली, "तुमच्या शाळंत आडोसा न्हाई. दिसभर पोर कळ काढती, घरी येऊन पोट धरून रडती. शिमग्याला माझा भाऊ येतोय जुन्नरासनं. त्यानं एक जागा बघितलीया. मुलगा बरा हाय, बैलजोडी हाय."

"तेरा वर्षांची आहे ती, हौसाबाई!"

"मग? मी अकराव्या वर्साला लगीन होऊन आले कल्याणात."

बाईंनी तिचा हात धरला. "शिमग्यापर्यंत थांबा. तोवर फक्त दुपारच्या सुट्टीपर्यंत पाठवा. शाळेत सोय झाली नाही, तर मी माझ्या हाताने नाव कमी करून देते."

हौसाबाईने डोळे बारीक केले. "सोय म्हंजी? संडासच ना?"

सोहोनी मास्तर एकदम भिंतीवरचं वेळापत्रक वाचायला लागले. बाई चाचरत म्हणाल्या, "हो. तेच."

"मग तसं बोला की!" हौसाबाई म्हणाली आणि डोक्यावर पाटी ठेवून निघून गेली.

त्या संध्याकाळी घरी बाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. देहधर्म म्हणे! काय तो मास्तर, काय त्याचा शब्दकोश, एक साधा शब्द लिहिता येत नाही माणसाला, एका पोरीचं वाटोळं व्हायची वेळ आली! गुरुदत्तांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग उठले, ट्रंकेतून बाईंच्या दहा अर्जांच्या नकला काढल्या आणि चष्मा पुसून एकेक वाचायला लागले.

"'गैरसोय होते.' एक्केचाळीस. 'अडचण होते.' बेचाळीस. 'कुचंबणा होते.' हा छान आहे, हा तीनदा आलाय. 'निसर्गनियमानुसार.' वा!" त्यांनी नकला नीट रचून ठेवल्या. "अगं, दहा अर्जांत तो शब्द एकदाही नाही. बोर्डाला काय स्वप्न पडणार?"

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. त्या पाटावर बसल्या, त्यांनी स्वतः सगळे अर्ज चाळून बघितले. खरंच नव्हता. दहा वर्षं त्या बोर्डाला नावं ठेवत होत्या आणि बोर्डाला त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं! आधी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मग हसू फुटलं, आणि मग पदर खोचून त्या पोळ्या लाटायला बसल्या. लाटता लाटता शब्दाचा सराव सुरू. आधी पुटपुटल्या. मग जरा मोठ्याने. मग वर्गातला आवाज लावून म्हणाल्या, "संडास!"

भिंतीपलीकडून शेजारच्या शुभदाताईंचं उत्तर आलं, "रिकामाच आहे हो, जा!"

गुरुदत्त त्या दिवशी पोट धरधरून हसले आणि बाईंनी त्यांना हसू दिलं.

डिसेंबरात ठाण्याला संघाचं अधिवेशन भरलं, मासुंदा तलावाजवळच्या एका शाळेत. जिल्ह्यातून तीनेकशे मास्तर आले होते आणि चाळीस बाया. बाया एका कोपऱ्यात, वेगळ्या सतरंजीवर. निवेदन स्वीकारायला बोर्डाचे अध्यक्ष स्वतः आले होते. मूळचे तेही मास्तरच, मुरबाडकडच्या खेड्यांतून बावीस वर्षं शिकवलेले, पुढे राजकारणात गेले आणि मोठे झाले. गळ्यात हार, तोंडावर 'लवकर आटपा' असा भाव.

"मास्तर, शब्द लिहिलात ना?" बाईंनी आधीच विचारलं होतं.

"बाई, छापील निवेदनात तो शब्द कसा घालायचा? साहेबांच्या हातात जायचंय ते," सोहोनी मास्तर अगदी काकुळतीला आले होते. "मी असं केलंय. चौदावी मागणी, किरकोळ, टिपणीसबाई तोंडी सांगतील."

सभा नऊला सुरू झाली होती. अकराला चहा आला. पुरुषांनी दोन दोन कप मारले. बायांच्या कोपऱ्यात भरलेला ट्रे गेला आणि भरलेलाच परत आला. एकीनेही कप उचलला नाही. मंदाकिनीबाई त्या ट्रेकडे बघत राहिल्या. आजवर त्यांना वाटत होतं, तहान आपल्या एकटीची आहे. इथे तर सबंध जिल्हा तहानेला बसला होता. त्यांच्या मनातली उरलीसुरली लाज तिथेच संपली.

मास्तरांनी महागाईभत्ता वाचला, वेतनश्रेणी वाचली, बदल्या वाचल्या. "चौदा, किरकोळ," असं कसंबसं म्हणून ते खाली बसले.

"बोला बाई, काय किरकोळ आहे?" अध्यक्ष म्हणाले.

बाई उभ्या राहिल्या. घसा कोरडा ठाक, पण त्याची सवय होतीच. "साहेब, आमच्या शाळेत संडास नाही."

मग मागच्या बाजूला खसखस पिकली. कुणीतरी खाकरलं. एक आवाज आला, "हा बायकांचा प्रश्न आहे, संघाचा नाही. भत्त्याचं बोला!"

बाई गर्रकन वळल्या. "भत्ता मलाही हवा, मास्तर. मीही बाजारातूनच तांदूळ आणते. पण आमच्या पहिलीत सेहेचाळीस मुली आहेत आणि सातवीत चार. उद्या दोन उरतील, परवा वर्ग बंद होईल. वर्ग बंद झाला की शिक्षकाची जागा गेली. मग भत्ता कुणासाठी मागणार?"

जागा गेली म्हणताच मागची खसखस बंद झाली. बाई पुन्हा अध्यक्षांकडे वळल्या. "साहेब, मघाचा चहाचा ट्रे बघा. चाळीस बायांतल्या एकीने कप उचलला नाही. सांगा, का? आमच्या पोरीही पाणी पीत नाहीत. वयात आली की घरचे म्हणतात, मुलगी शहाणी झाली, शाळा पुरे. साहेब, शाळा मुलींना शहाणं करायला काढलीत, की शहाण्या झालेल्यांना हाकलायला? माझी एक मुलगी शिमग्याला जाणार आहे. दोन संडास मला शिमग्याच्या आधी हवेत. टोपलीचे नकोत, कुणाच्या डोक्यावर तो मैला द्यायला नको. खड्ड्याचे हवेत. आणि खराटे नकोत, आमच्याकडे बारा आहेत."

अध्यक्षांनी हाराशी चाळा केला. "बाई, तुमची तळमळ समजली. पण हे तुमचं एकटीचं मत, की संघाचं? संघाचं असेल तर बोर्डाला उत्तर द्यावं लागेल. हात वर करा बघू."

एकही हात वर झाला नाही. बाईंनी आशेने बायांच्या कोपऱ्याकडे पाहिलं. चाळीस जणी माना खाली घालून बसलेल्या. अहो, तीनशे पुरुषांसमोर त्या कामासाठी हात वर करायचा म्हणजे काय! एकेकीला घाम फुटला होता. मंदाकिनीबाईंना वाटलं, गेलं सगळं. शेवंतीचं नाव आता आपल्याच हाताने कापायचं.

तेवढ्यात सतरंजीच्या टोकाला बसलेल्या रखमाबाई हलल्या. शहाडकडच्या शाळेतल्या, निवृत्तीला एक वर्ष उरलेल्या, नऊवारीतल्या, कधी सभेत तोंड न उघडलेल्या रखमाबाई. त्यांनी पदर डोक्यावर नीट घेतला, हात वर केला, चार बोटं मिटली आणि एक करंगळी ताठ उभी केली.

मग शेजारच्या बाईची करंगळी वर गेली. मग तिच्या शेजारची. बघता बघता चाळीस करंगळ्या उभ्या. आणि व्यासपीठाच्या कडेला, कान मिरचीसारखे लाल झालेले सोहोनी मास्तर उठले, डोळे मिटले आणि त्यांनीही करंगळी वर केली. मग काय विचारता! तीनशे मास्तर, आयुष्य पोरांच्या करंगळ्या बघण्यात गेलेलं, सगळ्यांच्या करंगळ्या हवेत.

अध्यक्षांनी समोर पाहिलं आणि बावीस वर्षांची मास्तरकी त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडली.

"जा, पण लगेच या!"

जे हसू फुटलं ते दहा मिनिटं आवरेना. अध्यक्ष स्वतः उपरण्याने डोळे पुसत होते. ते ओसरल्यावर सोहोनी मास्तर उभे राहिले आणि त्यांनी ठराव मांडला, 'शिमग्यापर्यंत ज्या मुलींच्या शाळेत संडास होणार नाही, त्या शाळेतल्या शिक्षिका दुपारच्या सुट्टीनंतर शाळेत थांबणार नाहीत आणि संघ त्यांच्या पाठीशी उभा राहील.' तो शब्द त्यांनी स्वच्छ उच्चारला, स्वतःच्या हाताने इतिवृत्तात लिहिला आणि वर अध्यक्षांची सही घेतली. पुढच्या वर्षीच्या निवेदनात ही मागणी चौदावरून दोनवर आली. एक नंबर भत्त्याचाच राहिला. मास्तर झाले तरी माणसंच ती.

होळीला आठ दिवस असताना तालमीच्या शाळेमागे दोन संडास उभे राहिले. पत्र्याचं छप्पर, विटांच्या भिंती, सागवानी दारं. सुताराने कड्या बाहेरून लावल्या होत्या, कोठीच्या खोलीला लावतात तशा. बाईंनी त्याला परत बोलावून आपल्यासमोर आतून लावून घेतल्या.

हौसाबाई बघायला आली. आत गेली, दार लावून घेतलं, कडी घातली, काढली, पुन्हा घातली. बराच वेळ खुडखुड चालली होती. बाई बाहेर उभ्या, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तशा. हौसाबाई बाहेर आली. पदराने नाक पुसलं.

"आमच्या टायमाला असतं तर," एवढंच म्हणाली. मग पाटी डोक्यावर घेत बाईंकडे वळली. "भावाला सांगते, बैल तुझे तूच हाक. बाई, माझी पोर शाणी झालीया. आता तिला आजून शाणी करा."

बाई वर्गात गेल्या आणि नाथा शिपायाला म्हणाल्या, "नाथा, एक तांब्या पाणी आण." नाथाने तेरा वर्षांत हे वाक्य ऐकलं नव्हतं. त्याने तांब्या राखेने घासून लख्ख केला आणि विहिरीचं ताजं पाणी आणलं. बाई वर्गासमोर उभ्या राहून तो गटागटा प्यायल्या, अख्खा. पोरी तोंडात बोटं घालून बघत राहिल्या.

मग दुपारचा भूगोल सुरू झाला. आवाज नेहमीसारखाच खणखणीत. गोदावरी झाली, भीमा झाली, कृष्णा निम्म्यावर आली आणि बाई एकदम थांबल्या. एकदा दाराकडे पाहिलं, एकदा वर्गाकडे. खडू टेबलावर ठेवला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने करंगळी वर केली.

शेवटच्या रांगेतून शेवंती उठली.

"जा बाई," ती म्हणाली, "पण लगेच या."